खांद्याला माहीत नव्हतं

सांगतो, पण नानांच्या कानावर जाऊ देऊ नका. बॅडमिंटनला ते माझे जोडीदार. माझ्याच रॅकेटनं त्यांचा डोळा गेला. "म्हातारा मध्ये आला," असं मी गावभर सांगितलं.

परवा पिंप्राळ्यात फिजिओथेरपीवाल्या ताईंना खांदा दाखवला.

"ताकद चांगली आहे. आता डोळे मिटा." त्यांनी माझा हात खांद्याइतका वर नेला, खाली सोडला. "आता तुम्ही तेवढाच न्या."

नेला. डोळे उघडले, तर हात पार कानापाशी!

"हात कुठं आहे ते तुमच्या खांद्याला कळतच नाही. कधी निखळला होता का?"

निखळला होता. नानांचा डोळा जायच्या महिनाभर आधी.

बाहेर टपरीवर नानाच भेटले. नेहमीसारखा दोष स्वतःवर घेत म्हणाले, "चूक मनीच शे भाऊ, मीच मधी उनू."

मी म्हणालो, "जाऊ द्या, नाना."