चौदा-ब गटाची पोरं

(नॉर्थ कॅरोलिनातल्या एका सरकारी शाळेचं स्वयंपाकघर. मुलं जेवून वर्गात गेली आहेत.)

कर्स्टन : ...आणि एप्रन घालूनच या, मिस वर्नेल. सव्वीस वर्षं तुम्ही इथल्या मुलांना वाढताय, शाळांच्या बोर्डाला तुमचं ऐकावंच लागेल. मी बोलणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालूनही टाकलंय. नववा नंबर.

वर्नेल : मला न विचारता?

कर्स्टन : वेळच नव्हता हो. उद्या संध्याकाळी सहाला सभा. माणशी दोन मिनिटं. तुम्ही एवढंच म्हणायचं, शेजारपाजारची मुलं एकमेकांपासून तोडू नका.

वर्नेल : ते तर खरंच आहे. थांब, हात पुसते. दे बघू तो नकाशा.

कर्स्टन : शाळेत मुलं मावत नाहीत, त्यामुळे कुठल्या घरांतली मुलं इथं यायची ती हद्द बदलणार हे नक्की. बोर्डाने आधी ओढ्यापलीकडची घरं हद्दीबाहेर काढली होती.

वर्नेल : तिथंच तुझं घर ना?

कर्स्टन : हो. म्हणून आम्ही पालकांनी दुसरा नकाशा सुचवलाय. यात कुणाला फारसा त्रास नाही. फक्त चौदा-ब जातो.

वर्नेल : चौदा-ब म्हणजे काय?

कर्स्टन : हमरस्त्याकडेची भाड्याची घरं. एकसष्टच मुलं आहेत.

वर्नेल : विटांच्या तीन इमारती? खाली कपडे धुवायची मशिनं?

कर्स्टन : त्याच. तुम्ही पाहिल्यात?

वर्नेल : मधल्या इमारतीत राहते मी. अकरा वर्षं झाली.

कर्स्टन : अगं बाई... मला वाटलं तुम्ही चर्चजवळ राहता.

वर्नेल : चर्चला जाते. राहते त्या इमारतीत. माझी नात जनाया तुझ्या पोराच्याच वर्गात आहे, दुसरीत. पहाटे माझा हात धरून येते, त्या कोपऱ्यात बसून नाश्ता करते, मग वर्गात. तुझ्या नकाशात ती कुठं जाते?

कर्स्टन : फेअरलॉनच्या शाळेत. पण बस आहे.

वर्नेल : किती वाजता?

कर्स्टन : सहा पन्नासला.

वर्नेल : सहाला मी इथं ओव्हन लावते. सात वर्षांची पोर तासभर हमरस्त्यावर एकटी उभी करू? की नोकरी सोडू? सांग ना, तूच ठरवलंयस.

कर्स्टन : जनायासाठी खास परवानगी मिळेल. तुम्ही इथल्या कर्मचारी आहात. अर्ज मी स्वतः भरून देते.

वर्नेल : आणि बाकीच्या साठांचं काय? माझी तेवढी काढून घेऊ आणि त्यांना वाऱ्यावर सोडू?

कर्स्टन : कुणाला तरी जावंच लागणार, मिस वर्नेल. आम्ही सगळ्यांची मतं मागवली होती. तिथून एकही उत्तर आलं नाही.

वर्नेल : मागवली कशी?

कर्स्टन : घरमालकांच्या संघटनेच्या यादीवरून.

वर्नेल : आमचा घरमालक अटलांटाला असतो. त्याला कुठली पोरं शाळेत घालायचीत? विचारायचं त्याला आणि वर म्हणायचं, आम्ही बोललो नाही. अशी चीड येते ना. तुझ्यासारख्या बाईनं हा विचार करू नये?

कर्स्टन : मुद्दाम नाही केलं हो.

वर्नेल : मुद्दाम कुणीच करत नाही. मी जनायाएवढी होते तेव्हाही असेच नकाशे निघाले होते. काळी-गोरी पोरं एकत्र शिकावीत म्हणून. चांगलंच होतं ते. पण अंधारात उठून शहराच्या त्या टोकाला गेलो आम्ही काळी पोरं. तिकडून इकडं कोण आलं? रेघ कुणीही ओढो, बस आमच्याच दारात.

कर्स्टन : चुकलं माझं. तुमचं नाव काढून टाकते यादीतून.

वर्नेल : हात लावू नकोस. मी येणार, एप्रन घालूनच येणार. दोन मिनिटांत एकसष्ट नावं आरामात होतात. कुणाला दूध पचत नाही, कोण सोमवारी उपाशी येतं, सगळं पाठ आहे मला. पण नुसती नावंच घेईन.

कर्स्टन : मिस वर्नेल, दहावा नंबर माझा आहे. तुमच्या पाठोपाठ. मी काय बोलू तिथं?

वर्नेल : माझं काम वाढायचं. घशाखाली कसं उतरवायचं, ते तुझं तू बघ.