दोन बायकांचा पगार

नाव बदलायची हौस नवऱ्याला, आणि इन्कमटॅक्सच्या साहेबासमोर घाम फुटला मला! ब्याऐंशी सालची गोष्ट. अंधेरीला टायपिस्ट होते मी. वर्षाच्या मध्येच लग्न झालं, म्हणून एकाच कंपनीने पगाराचे दाखले दिले दोन. एक माहेरच्या कुंदा राणेचा, दुसरा सासरच्या स्नेहल परबचा. रिटर्नला दोन्ही जोडले, तर साहेबाने बोलावून घेतलं.

“ही कुंदा राणे कोण?”

“मीच.”

“आणि स्नेहल परब?”

“तीपण मीच.”

“आडनाव बदललं, समजलं. पण पहिलं नावही वेगळं? दुसऱ्या बाईचा पगार स्वतःच्या नावावर दाखवताय. केस होईल, कळतंय ना?”

मी दाराकडे बघितलं. नवरा बाहेर बाकावर आरामात पेपर वाचत बसलेला.

“साहेब, लग्नात नाव बदललं हो.”

“कुठे लिहिलंय? पुरावा दाखवा.”

“ताटातल्या तांदळावर लिहिलं होतं, अंगठीने.”

“मग?”

“मग काय! दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याचा भात केला.”

 साहेबाने दोन्ही दाखल्यांना एकच टाचणी मारली आणि हळूच म्हणाला, “आमच्याकडे खीर केली होती.”