कुणीच हाक मारली नव्हती

आजच्या सभेच्या अध्यक्ष, आपल्या पंचायतीच्या प्रमुख सुभद्राम्मा. सत्कारमूर्ती, दिग्दर्शक माधवनकुट्टी सर. व्यासपीठावरचे निर्माते जॉय सर, कलादिग्दर्शक दिवाकरनचेट्टा आणि फादर पुन्नूस. कन्नंतुरुत्त वाचनालयाची सगळी मंडळी, आणि समोर बसलेले बेटावरचे माझे थोरले-धाकटे, सर्वांना नमस्कार.

मी लिंटा वर्गीस, जहाजबांधणीची इंजिनिअर. या सिनेमासाठी ‘अंबिका’ बोट पुन्हा बांधली, तिचं गणित माझ्याकडे होतं. सिनेमाच्या मंडळींना आज आपण निरोप देतो आहोत, आणि आभार मानायचं काम मला दिलं आहे. मला सजवून बोलता येत नाही. म्हणून आधी घडलं ते क्रमाने सांगते.

एक. अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये ‘अंबिका’ आपल्या धक्क्याजवळच्या वळणावर उलटली. एकोणीस माणसं गेली.

दोन. प्रवासी एका बाजूला धावले म्हणून बोट उलटली, असं चौकशीत ठरलं.

तीन. सरोजिनी नावाच्या मुलीने शर्यतीची लांब होडी दाखवत “चुंडन आली, बघा!” अशी हाक मारली म्हणून ते धावले, असं गावाने ठरवलं.

चार. यंदा मार्चमध्ये तशीच बोट बांधून त्याच वळणावर चित्रीकरण झालं. तीही उलटली.

पाच. काल आपण सर्वांनी शाळेच्या सभागृहात तयार सिनेमा पाहिला.

आता आभार.

पहिले आभार दिवाकरनचेट्टांचे. त्या काळातली एकेक वस्तू त्यांनी कुठून कुठून आणली, हे आपण पाहिलंच. कंदिलाच्या काचा, तिकिटांचा रंग, शर्टांच्या कॉलरी. एका बाईच्या हातातली प्लास्टिकची बादली “हा नमुना नंतरचा आहे” म्हणून त्यांनी काढून घेतली, तेव्हा प्रवाशाचं काम करणारा आपला कोच्चप्पन सगळ्यांसमोर म्हणाला, “चेट्टा, माझ्या दाढेत सिमेंट भरलंय, तेही नंतरचंच आहे. काढून देऊ का?” दिवाकरनचेट्टा हसले नाहीत. म्हणाले, “तोंड मिटून बस, म्हणजे झालं.”

इतकी काळजी मी कुठल्या कारखान्यातही पाहिलेली नाही. ‘अंबिका’सारखीच बांधलेली तिची जोडबोट पलीकडच्या कालव्यात सडत पडली होती. तिची फळी न् फळी त्यांनी मोजायला लावली. मूळ बोटीच्या तळात वजनासाठी दगड असत. ते काढून मालकाने जास्त माणसं बसवली होती आणि लाकडी छपराच्या जागी लोखंडी पत्रे टाकून त्यावर पोती रचली होती. हे सगळं जुन्या फोटोत दिसतं. आम्ही तेही तसंच केलं.

एक गोष्ट मात्र मी वेगळी केली. वर इतकं वजन आणि खाली काही नाही, अशी बोट वळणावर उभी राहत नाही. गणित सरळ आहे. म्हणून मी तळात वाळूची पोती भरून घेतली. चित्रीकरणाच्या सकाळी माधवनकुट्टी सरांनी फोटो शेजारी धरून बोट पाहिली आणि म्हणाले, “लिंटा, फोटोतली बोट पाण्याबाहेर जास्त दिसते. आपली खाली बसलीये. खोटी वाटते.”

मी म्हटलं, “सर, ती खरी होती म्हणूनच उलटली.”

“मोळे, पोरी, मला खरीच हवी आहे.”

पोती काढली गेली. मी लेखी आक्षेप दिला, सगळ्यांना शर्टाआड तरंगणारी जाकिटं घातली आणि पाणबुडे तयार ठेवले. त्या पाणबुड्यांचेही आभार. कोच्चप्पनचा हात मोडला, त्यापलीकडे कुणाला काही झालं नाही.

त्या दिवशी ठरलेला प्रसंग साधा होता. बोट वळणार, माणसं बाकांवर बसून राहणार, बस. हाक आणि धावपळ दुसऱ्या दिवशी चित्रित व्हायची होती. शर्यतीची चुंडन होडीसुद्धा अजून आली नव्हती. बोट वळली आणि कलली, आणि कलतच राहिली. बसलेली माणसं बसल्या जागेवरून घसरली. किनाऱ्यावर कॅमेरा चालू होता. सर ओरडले, “बंद करू नका!”

त्या वेळी माझ्या शेजारी सरोजिनीचेच्ची उभ्या होत्या, गावाने ठरवलेली ती हाक मारणारी मुलगी, आता आमची थोरली ताई. त्यांना विचारूनच आज हे बोलते आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या बांधावरून चालणाऱ्या म्हणूनच माहीत आहेत. त्या घटनेनंतर चेच्ची कुठल्याच बोटीत बसलेल्या नाहीत. कालव्यातून जाणारे त्यांना हाका मारतात, “चेच्ची, या की बोटीत! फक्त काही दाखवू नका, मला पोहता येत नाही.” हा विनोद माझ्या जन्माआधीपासून या बेटावर चालत आला आहे. अठ्ठ्याऐंशीच्या त्या दिवशी त्यांचा आठ वर्षांचा भाऊ उण्णी त्यांच्या मांडीवर होता. चुंडन त्यांनी त्याला दाखवली होती. हे त्यांनी कधी नाकारलेलं नाही. चौकशीतही त्यांनी हेच सांगितलं. आपल्या हाकेने भाऊ गेला, हे गावाच्या आधी त्यांनी स्वतः मान्य केलं होतं.

मार्चमध्ये बोट उलटली तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. पाण्यातली सगळी माणसं वर येईपर्यंत माझं मनगट धरून होत्या. मग त्यांनी विचारलं, “आता कुणी हाक मारली, मोळे?”

मी म्हटलं, “कुणीच नाही.”

“कुणी उठलं होतं?”

“नाही.”

त्या खाली बसल्या.

मी मोजूनमापून बोलणारी आहे, म्हणून हेही सांगते. त्या वर्षी काय झालं, हे आमच्या बोटीने सिद्ध होत नाही. तशी बोट त्या वळणावर उलटायला कुणी हाक मारायची आणि कुणी धावायची गरज नव्हती, एवढंच सिद्ध होतं. पण जिला दुसरं कुठलंच कारण कधी कुणी सांगितलं नाही, तिच्यासाठी एवढं थोडं आहे का?

कालच्या सिनेमात तोच प्रसंग आहे. मार्चमध्ये टिपलेलाच. फक्त त्याच्या आधी एक मुलगी उठते, हाक मारते, माणसं धावतात आणि मग बोट कलते. मुलीचं नाव बदललं आहे. परकर-पोलका मात्र चेच्चींच्या जुन्या फोटोवरून शिवला आहे, अगदी तंतोतंत. आणि सुरुवातीला पाटी येते: सत्य घटनेवर आधारित.

मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, “बोट आपोआप उलटली तर प्रेक्षक कुणाकडे बघेल? माणसाला माणसाची चूक लागते.”

मी म्हटलं, “माणसाची चूक आहेच, सर. छपरावर आहे.”

“छप्पर रडत नाही, लिंटा.”

ते अनुभवी आहेत. त्यांचं म्हणणं सिनेमासाठी बरोबरही असेल. बादली मात्र त्यांच्या सिनेमात चालली नव्हती.

काल चेच्ची सिनेमा पाहायला आल्या होत्या. हाकेच्या प्रसंगाला मागून कुणीतरी म्हणालं, “बघ, हीच ती.” त्या मध्येच उठून गेल्या. आज त्या इथे नाहीत.

आभार पुरे करते. सुभद्राम्मांनी अध्यक्षपद स्वीकारलं, वाचनालयाने आजच्या सभेसाठी आपलं सभागृह दिलं, महिला मंडळाने सकाळपासून राबून पायसम केलं, या सर्वांची मी ऋणी आहे. सरांच्या खांद्यावर आत्ताच आपण सोनेरी शाल घातली. ती त्यांच्या कामाला शोभते, हे मी मनापासून म्हणते. माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, निरोपाच्या वेळी नको तो विषय काढला असं वाटलं असेल, तर धाकटी समजून पदरात घ्या.

एक विनंती उरते. सर, ओणमला सिनेमा सगळीकडे लागेल. त्याआधी ती हाक तरी काढा, नाहीतर सुरुवातीची पाटी तरी काढा. यातलं काय करणार, किंवा काहीच करणार नाही, ते ओणमच्या चिंगम महिन्याच्या एक तारखेपर्यंत लिहून कळवा. पत्र मला नको. सरोजिनीचेच्ची, कन्नंतुरुत्त वाचनालय, एवढा पत्ता पुरेल. त्या इथे रोज संध्याकाळी पेपर वाचायला येतात. बांधावरून, चालत.