देवीचे घट आणि मासोळी

(देवास. पाण्याखालची यंत्रं बनवणारा लहान कारखाना. त्यातलं एक, ‘मासोळी’, सध्या नौदलाकडे. मालक मानाजीराव आणि त्यांची इंजिनीअर मुलगी वल्लरी.)

वल्लरी : बाबा, मासोळीनं परत ‘साफ’ सांगितलंय. म्हणूनच घबराट होतेय.

मानाजीराव : साफ आहे तर साफ म्हणाली. तिनं काय रडून दाखवायचं?

वल्लरी : बंदराच्या तोंडाशी कोळ्यांचं जाळं कशाला तरी अडकून फाटलं. म्हणून तर युद्धनौकेवरून तिला सुरुंग शोधायला सोडली. आणि ती म्हणते, खाली काहीच नाही.

मानाजीराव : बिनमाणशी यंत्र आहे ते. त्याला कोळी काय ठाऊक? चहा घे.

वल्लरी : हा फोटो बघा आधी. समुद्रात वर्षानुवर्षं पडलेला सुरुंग. गोल, अर्धा गाळात, वर शेवाळ. काय दिसतंय?

मानाजीराव : घट.

वल्लरी : देवीचा घट. सेम टू सेम.

मानाजीराव : देवासला समुद्र नाही, यात माझा काय अपराध? म्हणून धारच्या तळ्यात शिकवली तिला. तिथं लोक नवरात्रातले घट बुडवतात.

वल्लरी : आणि मासोळी दर घटापाशी थांबून ‘सुरुंग’ म्हणून कळवायची. काठावर अक्का उभी.

मानाजीराव : ‘मेलं देवीला सुरुंग म्हणतंय’ म्हणून अक्कानं अन्न सोडलं. थोरली बहीण माझी. करू काय?

वल्लरी : तुम्ही म्हणालात, असलं गोल दिसलं की नमस्कार करून पुढं जायला शिकव. मी शिकवलं.

मानाजीराव : नमस्कार मी गमतीनं म्हटलं होतं.

वल्लरी : ती करते, बाबा. नाक जरा खाली घालते. नौदलाच्या साहेबांना फार आवडलं ते.

मानाजीराव : पण चाचणीत सगळे सुरुंग सापडले ना?

वल्लरी : ती आपण रंगवलेली नवीकोरी पिंपं होती. लांबुळकी.

मानाजीराव : आत्ता नौदलाला फोन केलास तर कारखान्याला कुलूप लागेल, वल्ली.

वल्लरी : मासोळीनं साफ म्हटलं की जाळं कशाला अडकलं ते बघायला पाणबुड्या उतरतो. आज पाळी अंकितची आहे. आपला तिरल्याचा अंकित. मासोळी चालवायला शिकायला आला, तेव्हा तुमच्या ताटातली शेव पळवायचा.

मानाजीराव : मग माझ्याशी काय बोलत बसलीस? लाव फोन.

वल्लरी : केव्हाची लावतेय. लागला. अंकित, भिया, पाण्यात उतरू नकोस.

अंकित : ताई? मी होडीतच बसलोय. मासोळीनं साफ बोललं ना.

वल्लरी : चुकीचं बोलली. मीच शिकवलं तिला.

अंकित : मजाक करताय क्या?

मानाजीराव : दे इकडे. अंकित, मी मानाजीराव. यंत्र माझं, चूक माझी. साहेबांना सांग, माझ्या नावानं सांग.

अंकित : काका, माझा नंबर नंतर लागला. जोडीदार उतरलाय, विश्वासराव.

मानाजीराव : बोलाव वर.

अंकित : त्याच्या कमरेच्या दोराला झटके देतोय. खालून जवाब नाही येत.

वल्लरी : परत दे ना.

अंकित : दिले, ताई. साहेब म्हणतात, आता हळूहळू ओढा. खाली कशाला धक्का लागला तर सगळेच जाऊ.

मानाजीराव : अंकित, फोन ठेवू नकोस.

अंकित : नाही ठेवत.

मानाजीराव : दोर येतोय का?

अंकित : येतोय, काका. जड येतोय.

मानाजीराव : जडच येऊ दे, बाळा.