टनेलचा नंबर आधी

कल्पना — पण प्राणेशराव, विमानाच्या पंखाच्या मॉडेलवरचं ताण मोजणारं गेज सुटलं असतं, तर पुढचा एकही आकडा आला नसता. मागच्या चाचणीत फक्त मधले गेलेत.

प्राणेश — तेच म्हणतोय मी. स्वल्प इकडे या, कंप्यूटरच्या मागं. ह्या तारा बघा. प्रिंटर आणि तुमचं वाऱ्याच्या झोताचं विंड टनेल, दोघं एकदम मेमरी मागतात. मेमरी एका वेळी एकालाच. कुणाला आधी द्यायची, ते ह्या तारांनी ठरतंय.

कल्पना — आणि आधी कोण?

प्राणेश — प्रिंटर. सहासष्टला मशीन आलं तेव्हा तो एकटाच होता की. टनेलची जोडणी मागनं झाली, म्हणून तिला शेवटची जागा.

कल्पना — म्हणजे पंख थरथरायला लागला, तेव्हाच नेमकी छपाई चालू होती.

प्राणेश — प्रिंटरला थांबवलं तर कागद थांबतो, इतकंच. तुमचा आकडा थांबत नाही. त्याच्यावर दुसरा येऊन बसतो.

कल्पना — आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, बाईंनी गेज नीट चिकटवलं नाही. तेव्हापासून मी माझ्याच हातांवर संशय घेतेय.

प्राणेश — तारा बदलतो अक्का. टनेल वर, प्रिंटर खाली. कुणाला कळणारही नाही.

कल्पना — नको. आज पाहुणे येतायत. प्रिंटर अडखळला तर तुमच्यावर येईल. साहेबांना विचारू.

प्राणेश — विचारलं तर उद्या म्हणतील. मागच्या पंखाचे तुकडे तुकडे झाले, आधी कुठं तुटला तेही कळलं नाही. यशवंतपूरच्या सुतारानं दुसरा करून दिलाय, तो आजच्या चाचणीत तुटणार. तिसरा कोण देतंय?

कल्पना — तरी विचारू. ते बघा, आलेच.

उमाकांत — मागे काय चाललंय? दिल्लीची माणसं गेटवर पोचलीत.

कल्पना — सर, मागच्या वेळी गेज सुटलं नव्हतं. प्रिंटरचा नंबर आधी होता, म्हणून टनेलचे आकडे मेमरीत पोचलेच नाहीत. आज टनेलचा नंबर आधी लावू द्या.

उमाकांत — आजच? प्राणेश, प्रिंटर बंद पडेल?

प्राणेश — बंद नाही सर. थांबत थांबत चालेल.

उमाकांत — त्यांना मशीनचा स्पीड दाखवायचाय. टेस्ट उद्या घ्या.

कल्पना — उद्यापासून टनेल दुसऱ्या विभागाकडे आहे. सर, माझ्या गणिताप्रमाणे पंख टोकाकडे तुटतो. तसं असेल तर तिथे मजबुती द्यायला हवी. पुढे त्या विमानात माणसं बसणार आहेत.

उमाकांत — दोष गेजचा नव्हता, याची खात्री आहे?

कल्पना — तारांबद्दल खात्री आहे. गेजबद्दल आज कळेल.

उमाकांत — बरं. प्राणेश, बदल तारा. पाहुण्यांशी मी बोलतो.

प्राणेश — सरी सर, बदलतो.

(दुपार. चाचणी आटोपली आहे.)

प्राणेश — एकही आकडा गेला नाही अक्का. पंख तुटेपर्यंतचे सगळे आहेत.

उमाकांत — प्रिंटर मधेच थांबला, तेव्हा पाहुण्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. गेजबद्दल मी बोललो होतो ते चुकीचं होतं, हेही सगळ्यांसमोर सांगितलं.

कल्पना — थँक यू, सर.

उमाकांत — पंख टोकाकडेच तुटला ना?

कल्पना — नाही सर. मुळाशी तुटला.

प्राणेश — म्हणजे तुमचं गणित...

कल्पना — चुकलं.

उमाकांत — मग आता?

कल्पना — सगळे आकडे हातात आहेत, कुठे चुकलं ते आता दिसेल, सर. बसते, पुन्हा करते.