अण्णांच्या गॅलिसचं बकल

खांदेश्वरला पालिकेच्या ऑफिसात मृत्यूच्या दाखल्यासाठी रांग लागली होती. नमिताच्या पुढे एक भाऊबहीण उभे होते. बहिणीने पिशवीतून पँटला लावून खांद्यावरून घ्यायचे गॅलिस काढून भावापुढे धरले.

"दादा, अण्णांचे हे तूच ठेव."

"याचं बकल मी डिझाइन केलंय, क्रांती. कंपनीत पाच किलो वजन टांगून बघितलेलं, पट्टा जराही घसरला नाही."

"माहितीय. 'माझ्या सुगतने बनवलंय' म्हणून अण्णा अख्ख्या सोसायटीला दाखवायचे."

"लकव्याने उजवी बाजू गेल्यापासून त्यांची पँट कमरेवर राहतच नव्हती ना, म्हणून आणले."

"दादा, हे उघडतं कसं?"

"सोप्पंय. एका हाताने बकल दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने पट्टा..."

"बोल ना."

"अण्णा मला बोलले का नाहीत गं? एका दिवसाचं काम होतं. एका हाताने उघडेल अशी स्प्रिंग बसवली असती."

"तुला वाईट वाटेल म्हणाले. मला पण शपथ घातलेली."

"मग तू ड्युटीवर गेल्यावर ते बाथरूमला कसे जायचे?"

"जायचेच नाहीत. सकाळी मी निघाले की संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत."