आभाळात ब्रेक कशाला लागतो

(मांजरसुंब्याजवळचं शेत. तूर काढून मुरूम टाकून केलेलं हेलिपॅड, त्यावर भाड्यानं आणलेलं हेलिकॉप्टर. पलीकडच्या मांडवात लग्न लागून जेवणं चालू आहेत. दीपमाला ही हेलिकॉप्टर कंपनीची इंजिनिअर, अमरसिंह नवरीचे वडील, अभिमन्यू त्यांचा पुतण्या.)

अमरसिंह: म्हंजी नुस्ता ब्रेक खराब हाय. एवढंच ना?

दीपमाला: एवढंच.

अमरसिंह: मग तकलीफ काय हाय म्याडम? ब्रेक खराब म्हंजी ते थांबायचं न्हाई. आपल्याला कुठं थांबवायचंय? उडवायचंय. आभाळात काय चौक हाय का सिग्नल हाय?

दीपमाला: तुम्ही बांधकाम सभापती होता ना साहेब? आत्ता रस्त्यांचं कोडं सुटलं.

अभिमन्यू: ताई, काकांशी बोलताना जरा जपून. इथं सगळे ओळखतात त्यांना.

दीपमाला: म्हणूनच जपून बोलतेय. पुन्हा सांगते. हा चाकाचा ब्रेक नाही, ह्याला चाकंच नाहीत. हा वरच्या मोठ्या पंख्याचा ब्रेक. उतरल्यावर इंजिन बंद केलं तरी पंखा गरगरत राहतो, त्याला थांबवायला तो. आणि तो लागत नाही अशी माझी तक्रारच नाही. तो लागलाय आणि सुटत नाही.

अभिमन्यू: सुटत नाही म्हणजे?

दीपमाला: म्हणजे हँडब्रेक ओढून जीप बीडला नेली तर काय होईल?

अमरसिंह: कोन नेईल अशी? येडं हाय का कुनी?

अभिमन्यू: ते सोडा ताई. पुढचं सांगा.

अमरसिंह: थांब बे. मागल्या साली जीपच्या मागल्या चाकातनं धूर आलता. तू म्हनलास रस्त्यावर कुनी तरी कचरा जाळला, त्याचा वास बसलाय.

अभिमन्यू: कचरा पण होता काका.

अमरसिंह: होता ना. गाडी चालवत होता.

दीपमाला: तेच इथं. फक्त धूर निघाला की हा उतरून चाकाकडं बघू शकला. वर तशी सोय नाही. ब्रेक घासत राहतो, तापतो, त्याच्या शेजारून तेलाची नळी गेलीय. परदेशात एका हेलिकॉप्टरला अशीच आग लागली. मग कारखान्यानं शोधून काढलं की ठरावीक लॉटमधल्या ब्रेकच्या आतली स्प्रिंग अडकते. मग आदेश निघाला. ज्या ज्या हेलिकॉप्टरला त्या लॉटचा ब्रेक आहे, त्यांनी तो बदलायचाच. पटो न पटो.

अमरसिंह: आदेश. आमाला नका सांगू आदेश. मी हजार आदेश काढलेत आन् दीड हजार दाबलेत. मुदत किती हाय त्यात?

दीपमाला: महिनाअखेरपर्यंत.

अमरसिंह: आज तारीख काय?

अभिमन्यू: सतरा, काका.

अमरसिंह: बघा. तेरा दिवस शिल्लक हायती. हितनं आष्टी किती? इमानानं वीस मिनटं. तेरा दिवसातली वीस मिनटं काढून देता येईनात तुमाला?

दीपमाला: पुढची ओळ वाचू का? 'ब्रेक तापल्याची किंवा घासल्याची खूण दिसल्यास पुढील उड्डाणापूर्वी बदलणे बंधनकारक.' वर चढा आणि बघा. ब्रेकची तबकडी निळी पडलीय. पंखा हातानं फिरवला तर खर्र खर्र वाजतोय.

अमरसिंह: सकाळी पुन्यावरनं येताना खर्र वाजलं न्हाई ते?

दीपमाला: नाही. सकाळी तुमच्याकडं स्वागत झालं त्याचं.

अमरसिंह: म्हंजी?

दीपमाला: ते ह्यांना विचारा. कार्यक्रमपत्रिका ह्यांची होती.

अभिमन्यू: मी काय केलं? हेलिकॉप्टर टेकलं की पाच सवाष्णींनी ओवाळायचं आणि पंख्याला हार घालायचा, एवढंच ठरलं होतं. नव्या ट्रॅक्टरला आपण घालत नाही का? आणि ड्रोनवाल्याला फिरता पंखा नको होता. हार नीट दिसत नाही म्हणाला.

दीपमाला: मी मागच्या सीटवर होते. समोरून सुंदरबाई आजी ताट घेऊन पळत येतायत, त्यांच्या मागं चार बायका, त्यांच्या मागं बँड. वर पंखा फुल फिरतोय. कॅप्टननं काय करावं? पंखा मंद होईपर्यंत दोन मिनिटं थांबायचं असतं, मग ब्रेक. त्यानं भरधाव पंख्यालाच ब्रेक मारला. आजींची मान वाचली. ब्रेक गेला.

अमरसिंह: माझी आई ऐंशी वर्साची हाय. ती पळती?

दीपमाला: आज पळाली. आनंदानं.

अमरसिंह: अभिमन्या, तुला मी दोन कामं दिलती. हार आन् माइक.

अभिमन्यू: काका, ते झालं गेलं. उपाय सांगतो. चौकात आपला शहादेव लेथवाला आहे. मळणीयंत्राचा कुठलाही पार्ट अर्ध्या तासात करून देतो. स्प्रिंग काय चीज आहे? मी फोन लावतो.

दीपमाला: लावा. त्याला सांगा, सोबत करवली म्हणून बसायचंय.

अभिमन्यू: तुम्ही सरळ बोलतच नाही का?

दीपमाला: सरळ सकाळपासून तीनदा बोलले. तीनदा तुम्ही मला जिलबी आणून दिली.

अमरसिंह: बरं. नवा ब्रेक कवा येतो?

दीपमाला: पुण्याहून निघालाय. उद्या दुपारी बसेल.

अमरसिंह: उद्या दुपारी पोरीला काय शेतात बसवून ठिवू? पाच वाजता आष्टीत गृहप्रवेश हाय. तिकडं शाळेच्या मैदानावर मानसं येऊन बसलीत. गेल्या साली आप्पारावानं पोरगी हेलिकॉप्टरनं धाडली, वरनं फुलं टाकली. त्याच्या दारात मी उभा हुतो, माझ्या टोपीवर झेंडू पडला. तवाच रोहिणीला शब्द दिलता. दोन क्विंटल झेंडू आनलाय मी.

दीपमाला: झेंडूला मुदत नाही साहेब. कुठूनही टाकता येतो.

अमरसिंह: तू हितलीच दिसतीस. बोली लपत न्हाई. कुनाची पोरगी?

दीपमाला: सिरसाळ्याची. निवृत्ती मेकॅनिकची.

अमरसिंह: सिरसाळ्यात कुठल्या आळीची?

दीपमाला: ज्या आळीत तुम्ही मतं मागायला येता, पण चहा पुढं केला की 'आत्ताच प्यायलोय' म्हणता.

अमरसिंह: शाणी हाईस. बाप मेकॅनिक कुठं हुता?

दीपमाला: एसटीत. ब्रेकला होते. त्यांनी गाडी 'मार्गावर नको' म्हणून खडूनं लिहिली की डेपोत वऱ्हाडं थांबून राहायची. एकदा एका नवरदेवाच्या मामानं त्यांची कॉलर धरली, सगळ्यांसमोर. शर्टाची दोन बटणं तुटली.

अमरसिंह: मग सोडली का गाडी?

दीपमाला: नाही. घरी आले, आईला म्हणाले बटणं लाव. मी सातवीत होते. मला त्यांचा लई राग आला होता, उलटून हात का नाही उचलला म्हणून. आता वाटतं, हात काळे होते त्यांचे. समोरच्याचा लग्नातला सदरा होता.

अमरसिंह: हां. तर मग तू बापाची पोरगी हाईस. मी तुझ्या मालकाला फोन लावतो.

दीपमाला: लावा. मी अवजारं पुसते तोवर.

अमरसिंह: हॅलो... हां, मीच... न्हाई, जेवनं झाली, ते सोडा. तुमची म्याडम हितं शाळा घ्यायलीय... हां... हां... असं? मग आधीच बोलायचं की राव. बरं... तिला सांगतो.

अभिमन्यू: काय म्हणाले?

अमरसिंह: पुन्यात दुसरा इंजिनिअर हाय. तो सही करून कॅप्टनच्या मोबाइलवर धाडतोय. दहा मिनटात. आन् म्याडम, तुमाला सांगितलंय, उद्यापासनं यायची गरज न्हाई.

दीपमाला: पुण्यातून दिसली त्याला तबकडी? माझे डोळे उगाच तपासतात दरवर्षी.

अभिमन्यू: म्हणजे मिटलं. मी माइकवर सांगतो, पंधरा मिनिटांत उड्डाण.

दीपमाला: सांगा. माझं लायसन मग लागत नाही. फक्त कोण कोण बसणार ते सांगा, वहीत लिहून ठेवते.

अभिमन्यू: रोहिणी, जावईबापू, करवली पौर्णिमा. आणि कॅप्टन.

दीपमाला: एक सीट रिकामी आहे. साहेब?

अमरसिंह: मी न्हाई. मी गाडीनं येतो मागनं.

दीपमाला: कावून?

अमरसिंह: पाव्हन्यांना वाटंला लावायचंय. मांडवाचं बघायचंय. आन् मला उंचीचा तरास हाय.

दीपमाला: बरोबर आहे. तब्येतीला जपावं माणसानं.

अमरसिंह: टोमना मारू नको.

दीपमाला: नाही मारत. नोकरी गेल्यावर टोमण्याला पगार कोण देणार? जाता जाता एक कागद देते, त्यावर सही करा. मी सुटले.

अमरसिंह: कसला कागद?

दीपमाला: मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलं, एवढाच. उद्या मला कुणी विचारलं तर हातात काहीतरी हवं.

अभिमन्यू: द्या इकडं. काका, करून टाका. रोज दोनशे सह्या करता, रहिवासी दाखल्यापासून.

अमरसिंह: वाच.

अभिमन्यू: वाचायचं काय त्यात? तुम्ही कधी वाचता?

अमरसिंह: वाच म्हनलं ना.

अभिमन्यू: 'मी, अमरसिंह, रोहिणीचा बाप. हेलिकॉप्टरच्या पंख्याचा ब्रेक अडकला आहे, तो तापून उड्डाणात आग लागू शकते, आणि तो बदलल्याशिवाय उडवू नये असा आदेश आहे, हे मला आज दुपारी समक्ष दाखवून सांगितले. हे माहीत असून मी माझ्या मुलीला त्यात बसवत आहे. मी स्वतः बसत नाही.' खाली सही, तारीख.

अमरसिंह: शेवटची वळ कशाला घातली?

दीपमाला: खोटी आहे का?

अमरसिंह: न्हाई. पर घालायला पायजेच हुती का?

दीपमाला: खोडते.

अमरसिंह: थांब. आन् हे 'बाप' कावून लिहिलंस? सरकारी कागदात वडील लिवत्यात.

दीपमाला: घाईत लिहिलं. तेही बदलते.

अमरसिंह: राहू दे. पेन दे अभिमन्या.

अभिमन्यू: हा घ्या. इथं, खाली. काका, कॅप्टनला मेसेज आला बघा. पुण्याची सही आली. तो विचारतोय, चालू करू का.

अमरसिंह: थांब म्हन त्याला.

अभिमन्यू: काका, पेन चालत नाही का? दुसरा देऊ?

अमरसिंह: पेन चांगला हाय. तू गप बस जरा.

दीपमाला: मी निघू का साहेब? मला मांजरसुंब्याला एसटी गाठायचीय.

अमरसिंह: ती लहान हुती तवा झोक्यावर बसायची न्हाई. मीच मागनं धरायचो. म्हनायची, आबा, सोडू नका. मी म्हनायचो, न्हाई सोडत.

दीपमाला: हो.

अमरसिंह: अभिमन्या, जीप काढ.

अभिमन्यू: तुमची? तुम्ही तर मागून येणार ना?

अमरसिंह: रोहिणीची. झेंडूची माळ बांध तिला. आन् तू चालवायची न्हाईस, शहादेवला बोलव. कॅप्टनला म्हन, जेव आन् झोप.

अभिमन्यू: काका, आष्टीत मैदानावर लोक... आप्पाराव आलाय तिकडं खुर्ची टाकून. माइकवर काय सांगू?

अमरसिंह: सांग, वारं लई हाय.

अभिमन्यू: मांडवाचं कापडसुद्धा हलत नाही काका.

अमरसिंह: मग सांग ब्रेक खराब हाय. अमरसिंहानं लई बघून आनलेलं हेलिकॉप्टर खराब निघालं. हसू दे आप्पारावाला. त्याला पन वर्सभर काम न्हाई.

दीपमाला: मी इथंच थांबते मग. नवा ब्रेक येईपर्यंत ह्याच्याजवळ कुणी जाऊ नये. आजींना सांगा, आता खुशाल हार घाला, पंखा हलणार नाही.

अमरसिंह: तुझ्या मालकाला फोन करू का? माझ्या शब्दाला वजन हाय.

दीपमाला: नको. मघाशी केलात, त्यात नोकरी गेली. आता पेन्शन नाही माझ्याकडं जायला.

अमरसिंह: मग काय करशील?

दीपमाला: पुण्यात जाऊन त्या फोनवरच्या सहीबद्दल दिल्लीला विमान खात्याकडं लिहीन. मग बघू कोण कुणाला काढतं. भीती वाटतेय, खोटं नाही सांगत. घरी दोन माणसं माझ्यावर आहेत.

अमरसिंह: आमच्या घरी जेवून जा. मांडवात न्हाई, घरात.

दीपमाला: बघू. आधी तुमची मुलगी निघू द्या. आणि तो कागद द्या इकडं, फाडते. सही नाही, त्याचा काही उपयोग नाही.

अमरसिंह: न्हाई, खिशात राहू दे. आता दोन महिने पोरगी बोलायची न्हाई माझ्यासंगं. दिवाळीला आली की तिला वाचायला देईन.